रवळनाथाचा लाईव्ह कौल

बसा मंडळी, बसा. मागे का उभे? पुढची जागा मानकऱ्यांसाठी सोडलीय म्हणता? मानकरी बाहेर पानाला चुना लावतायत, ते आरतीलाच येतील! या पुढे. देवाला मागचेही दिसतात, मला दिसत नाहीत — एवढाच आमच्या दोघांत फरक! बाकीचे फरक आमच्या घरी विचारा.

आणि ते खांबाजवळचे, फोन वर धरलेले गृहस्थ — धरा, धरा! खाली घेऊ नका. कीर्तन लाईव्ह चाललंय ना? चालू दे. त्या फोनशी शेवटी आपलं काम आहे.

तर, पूर्वरंगात आपण काय म्हटलं? देवाची आज्ञा भक्ताने पाळावी. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या एकमताने माना डोलल्या की मला शंकाच आली! म्हणून आता उत्तररंगात एकच प्रश्न विचारतो. देवाची आज्ञा आपल्या मनासारखी असली तर ती पाळायला काय लागतं हो? काही नाही. लोडाला टेकून पाळता येते! पण देवाने नेमकं उलटं सांगितलं तर? जे तुम्हाला नको तेच सांगितलं तर? तर देवाचं ऐकायचं — की देवाला पुन्हा विचार करायला सांगायचं?

आता गप्प का? डोलवा माना!

ऐका. तळकोकणात धामणवडे नावाचं गाव. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. पण तुमच्या गावासारखंच आहे, म्हणजे ओळख पटेल. गावचा देव रवळनाथ. काळ्या पाषाणाची मूर्ती, हातात तलवार, आणि डोळे असे की खोटं बोलणारा माणूस देवळात शिरताना आधी चपला नीट लावून ठेवतो! देवळामागे देवाची राई. जुनी, गर्द, दुपारीही आत संध्याकाळ. आणि त्या राईचा कायदा एकच — राईत कुदळ नाही, कोयता नाही, पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही. कुणी लिहिलेला नाही, पण कुणी मोडलेलाही नाही.

राईच्या वर डोंगरात झरा. राईच्या खाली पल्याडवाडी. आणि पल्याडवाडीला पाणी नाही! बायका डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन राईला वळसा घालून झऱ्यावर जातात, भरून परत येतात. सरकारकडून नळाची योजना मंजूर झाली. पण पाइप न्यायचा कुठून? उतार आहे तो राईतल्या पायवाटेने. वळसा घालून न्यावा तर मध्ये चढ. आणि पाणी काही चढ चढत नाही, मंडळी. पाण्याला तुम्ही कितीही समजावून सांगा!

म्हणजे एकीकडे देवाचा कायदा, दुसरीकडे बायकांची कंबर. मध्ये सरपंच — इंदुमती राऊळ. इंदूवयनी. स्वतः पल्याडवाडीच्या. सकाळी पंचायतीत सही करायच्या आणि संध्याकाळी हंडा घेऊन झऱ्यावर जायच्या. दोन्ही कामांत मान ताठ ठेवावी लागते!

आता आपल्या आख्यानाचा नायक. तो गावात नाहीच! तो डोंबिवलीत. दत्ताराम घाडी. कंपनीतून निवृत्त, तिसरा मजला, गॅलरीत तुळस, भिंतीवर रवळनाथाची मोठी तसबीर. घाडी घराण्याचा मान काय? देवापुढे गाऱ्हाणं घालायचं. गावाच्या वतीने मोठ्या आवाजात देवाशी बोलायचं आणि मागून सगळ्या गावाने म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” आजोबांनी घातलं, वडिलांनी घातलं. दत्ताराम नोकरीला मुंबईत आला आणि गाऱ्हाणं घशातच राहिलं. निवृत्त झाल्यावर ते कुठून बाहेर पडलं? व्हॉट्सअॅपमधून!

गावाचा ग्रुप होता, ‘आमचो गाव धामणवडे’. अॅडमिन दत्ताराम. सकाळी उठला की देवाचा फोटो टाकायचा, आणि खालून धडाधड — व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. कुणाचा वाढदिवस — व्हय म्हाराजा. कुणाचं निधन — तिथेही एकाने घाईत टाकलं!

नळाची बातमी ग्रुपवर आली आणि दत्तारामचा चहा थंड झाला. राईत कुदळ? लहानपणी राईतून चेंडू आणताना एक डहाळी मोडली होती, तर आजोबांनी भर देवळात कान पिळला होता. तो कान अजून दुखत होता, मंडळी! खोटं कशाला बोलू, त्याची श्रद्धा खरी होती. आणि हेही खोटं कशाला बोलू — सरपंचाच्या निवडणुकीत इंदूवयनींनी ज्याला पाडलं, तो गजानन घाडी म्हणजे दत्तारामचा सख्खा धाकटा भाऊ. श्रद्धेत थोडा भाऊही मिसळला होता. आपल्या श्रद्धेत काय काय मिसळलेलं असतं, ते आज नको काढायला. आरतीला उशीर होईल.

दत्तारामने मोठा संदेश टाकला. “ग्रामपंचायत मोठी की ग्रामदैवत मोठं? यापुढे पंचायतीचा प्रत्येक ठराव आधी देवाच्या कौलाला लावावा. देव हो म्हणाला तरच सरपंचाने सही करावी. धर्माचा कायदा पहिला, पंचायतीचा नंतर!”

धडाधड — व्हय म्हाराजा!

पण त्याच ग्रुपवर पुण्याहून प्राध्यापक अरविंद वालावलकर. राज्यशास्त्राचे. यांचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’पासून सुरू व्हायचं. “मुळात, ग्रामपंचायत ही घटनात्मक संस्था आहे. मुळात, मूर्तीवरची कळी कुठल्या बाजूला पडते यावर राज्यकारभार चालत नाही.”

दत्ताराम — “सर, तुमचं मूळ गावात आहे ना? मग मुळाला विसरू नका!”

प्राध्यापक — “मग उद्या गटार बांधायचं तरी देवाला विचारणार का?”

ठाण्याहून एक — “देव सगळीकडे आहे!”

बोरिवलीहून दुसरा — “म्हणून गटारात बघायला लावणार काय रे त्याका?”

पेटली! हा म्हणतो तू नास्तिक, तो म्हणतो तू अडाणी. कुणी फेसबुकवर नेलं, तिथे गावाशी संबंध नसलेली माणसं आली. ज्यांना धामणवडे कुठे आहे ठाऊक नाही, ती धामणवड्याची संस्कृती वाचवायला आली, आणि तेवढीच दुसरी धामणवड्यातलं संविधान वाचवायला आली! एकाने तर दत्तारामला परदेशातून पाठिंबा दिला. दत्तारामने बायकोला दाखवला. “बघ गो, कॅनडा!”

त्याची बायको शालन वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, “कॅनडाक म्हणा, एक हंडो भरून ठेव.”

मंडळी, एवढ्या वादात पल्याडवाडीची एक बाई एक शब्द बोलली नव्हती. कशी बोलणार? दोन्ही हात हंड्याला! शेवटी इंदूवयनींचा आवाजातला निरोप आला. धाप लागलेली, पायाखाली पाचोळा वाजतोय. “मी पाण्याक चल्लंय. तुमचा लिवलेला वाचूक माका वेळ नाय. कौल लावूचो तर लावा. देव नको म्हणालो तर मी पाइप नेवचंय नाय, ह्यो माझो शब्द. पण देव होय म्हणालो, तर तुमी कोणी मधी येवचा नाय. दत्ताभावजी, तुमचो शब्द द्या.”

आता झाली का पंचाईत? सगळा ग्रुप बघतोय. दत्तारामने तसबिरीकडे बघितलं. देव राईत कुदळ घालू देईल? शक्यच नाही! त्याने टाइप केलं, “देवाचा शब्द तोच माझा शब्द.” आणि तीनदा नमस्कार टाकला.

कौल म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. फोनवरून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. देवाच्या अंगावर दोन बाजूंना पाण्याने ओल्या कळ्या चिकटवायच्या. गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा, आणि वाट बघायची. देवाच्या उजवीकडची कळी आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही. वकील नाही, तारीख नाही!

कळ्या लावणारे बुधाजी गुरव. पिकल्या केसांचे, बोलायला कमी. कळ्या लावताना त्यांचा हात थरथरला तरी कळी थरथरत नाही, अशी ख्याती. पण डोंबिवलीतल्या माणसाला दिसणार कसं? लाईव्ह! दत्तारामने गावातल्या चुलतभावाला, बाबलला, फोन लावला.

“बाबल, तू धर फोन. पण नुसतो देव दाखवू नको हां. तो पुण्याचो प्राध्यापक म्हणतलो, व्हिडिओ जुनो आसा. देव पण दिसूक होयो आणि तू पण दिसूक होयो!”

“म्हणजे कसा धरू?”

“सेल्फी काढतस तसो धर रे!”

बाबलला हे फार आवडलं. तो आंघोळ करून, केसांना तेल लावून, ठेवणीतला शर्ट घालून आला. देवाकडे पाठ केली, फोन समोर धरला. अर्ध्या चौकटीत देव, अर्ध्या चौकटीत बाबल. देव जरा मागे.

घाडी डोंबिवलीत, म्हणून गाऱ्हाणं बुधाजींनीच घातलं. “बा देवा म्हाराजा, पल्याडवाडीच्या लेकीसुनांक पाणी नाय. तुझ्या राईच्या वाटेन पाणी नेव काय? होय तर उजवो दी, नाय तर डावो दी!” गावाने हाक दिली, “व्हय म्हाराजा!” देवळात इंदूवयनी, पदर दोन्ही मुठींत. डोंबिवलीत दत्ताराम, फोन दोन्ही मुठींत.

एक कळी हलली. सुटली. पडली!

त्याच क्षणी उत्साहाने कुणी घंटा वाजवली, ढोल वाजला, बुधाजी काय ओरडले ते फोनवर ऐकूच आलं नाही. पण डोळ्यांनी तर दिसलं! दत्तारामने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं — डावी! देव नाही म्हणाला! त्याने खुर्चीवरून उडी मारली. “शालन! डावो! डावो दिलान!” आणि ग्रुपवर ठोकून दिलं, “देवाचा निर्णय झाला. राईत कुदळ नाही!”

इकडे देवळात? देवळात लोक गुलाल उधळत होते! बुधाजी म्हणाले होते, “उजवो!” देवळातल्या सगळ्यांनी पाहिलं, उजवी कळी पडली. इंदूवयनींनी तिथेच डोळे पुसले.

आता आली का गंमत? देवळात होते ते म्हणतात उजवी. फोनवर होते ते म्हणतात डावी. बाबलला विचारलं, तू तर तिथे होतास? बाबल म्हणाला, “मी फोनात बघत होतंय!” घ्या! देव पाठीशी उभा, आणि हा त्याला फोनात बघतोय!

आणि मंडळी, इथून पुढे जे झालं ते नीट ऐका, कारण असा चमत्कार पुराणातही नाही. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा संदेश — “मुळात, देवाने कौल दिलेला आहे. मुळात, लोकश्रद्धेचा आदर हाच लोकशाहीचा पाया आहे. आता देवाची आज्ञा का पाळत नाही?” आणि दत्ताराम घाडी काय म्हणाला? “असा कसा कौल? ग्रामसभा बोलवा! हात वर करून मतदान घ्या! बहुमताने ठरवा!”

कळलं का? संविधानवाला कौल मागतोय आणि कौलवाला मतदान मागतोय! दोघांनी एका रात्रीत एकमेकांचे सदरे घातले, आणि दोघांनाही मापात बसले!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून आरतीला उभा राहिलो असतो. पण दत्तारामने आणखी एक वाक्य लिहिलं. “गुरव सरपंचाला फितूर आहे.” पाठवलं. ते फॉरवर्ड झालं, फिरत फिरत बुधाजींच्या सुनेच्या फोनवर पोचलं. तिने वाचून दाखवलं. बुधाजी पूजा करून आले, देवळाची किल्ली इंदूवयनींपुढे ठेवली. म्हणाले, “माझो शब्द खोटो, तर माझ्या हातचा पाणी देवान कित्याक घेवचा?”

आणि नळाचं काम? थांबलं. इंदूवयनींना कुणीतरी म्हणालं, कौल मिळालाय, घाला कुदळ! त्या म्हणाल्या, “अर्धो गाव नाय म्हणता. देवाच्या नावान भांडान मी नळ घालूचंय नाय.” आणि हंडा उचलून चालू लागल्या. पाऊस गेलेला, झरा बारीक व्हायला लागलेला.

आता चला डोंबिवलीला. संध्याकाळची वेळ. दत्ताराम देवापुढे दिवा लावतोय. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात — काय? फोन! तो व्हिडिओ पुन्हा बघत होता. कळी पडते तिथे थांबवायचा, मोठं करायचा, कुणाला तरी पाठवायचा. शालन म्हणाली, “एक हात तरी देवाक द्या हो.” म्हणून त्याने फोन तसबिरीला टेकवून ठेवला आणि नमस्कार केला. डोळे उघडले. समोर देव दोन. एक तसबिरीतला, एक फोनातला. शेजारी शेजारी.

आणि त्याचे हात जोडलेले तसेच राहिले!

तसबिरीतल्या देवाची तलवार उजव्या हातात. फोनातल्या देवाची — डाव्या!

“शालन,” तो म्हणाला, “आपलो देव डावरो कधी झालो?”

ती आली. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग फोनातल्या बाबलकडे बोट दाखवलं. “ह्या मेल्याच्या शर्टाचो खिसो पण उजवीकडे इलो. सेल्फीत सगळा उलटा दिसता हो! माझी नथ नाय काय उलट्या बाजूक दिसत?”

बाबलच्या फोनाने आरशासारखं सगळं फिरवलं होतं. आता नीट बघा — फोनात कळी कुठल्या बाजूची पडली? तलवारीच्या बाजूची. आणि रवळनाथाची तलवार कुठल्या हातात? अहो, पिढ्यान्‌पिढ्या उजव्या! म्हणजे उजवी कळी. म्हणजे होय!

या घरात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक. दोघं गप्प बसली असती तर? कुणालाही कळलं नसतं. राई वाचली असती, भाऊ खूष, कॅनडा खूष. मंडळी, खरी परीक्षा ही! देव बोलला होता, स्पष्ट बोलला होता, आणि दत्तारामला नको तेच बोलला होता.

तो तसबिरीकडे वळला. “बघतस काय असो?” तो देवाला म्हणाला. “तूच सांगितलंस, आता तूच बघतस.”

शालन आतून म्हणाली, “तो बघता, कारण शब्द तुमी दिलात. मी नाय दिलंय.”

त्याने फोन उचलला. घाडी घराण्याचा माणूस, गावाच्या वतीने देवाशी बोलणारा. आज पहिल्यांदा देवाच्या वतीने गावाशी बोलायचं होतं. “कौल उजवा आहे. फोनाने उलटा दाखवला. तलवारीचा हात बघा. असा फोन धरायला बाबलला मीच सांगितलं होतं. बुधाजीकाका खरे, मी खोटा. देव होय म्हणालाय. मी मधे येणार नाही.”

पाठवलं. कधी नव्हे तो ‘आमचो गाव धामणवडे’ गप्प! मग ठाण्याहून पहिला आवाज आला — “दत्ताराम विकलो गेलो!” गजाननने तर थोरल्या भावाला सांगून टाकलं, “तू माझो भाव नाय.” कॅनडाने पाठिंबा काढून घेतला. आणि प्राध्यापक? प्राध्यापकांनी लिहिलं, “मुळात, मी हेच म्हणत होतो.”

तेवढ्यात सगळ्यांच्या खाली एक छोटा संदेश. इंदूवयनींचा. “व्हय म्हाराजा.” आणि मागोमाग फोन.

“दत्ताभावजी, गावाक येतास काय?”

“येतंय. आधी बुधाजीकाकांचे पाय धरूचे आसत.”

“पाय धरा, मगे कुदळ धरा. राईत यंत्र नेवचा नाय, एक मूळ तोडूचा नाय, हातान खणूचा, असा मी ग्रामसभेत मांडतलंय. देवान वाट दिली, ती जपून वापरूची आमची जबाबदारी. ठराव आमचो, आशीर्वाद त्येचो. चलात?”

चाललं! ग्रामसभेत हात वर झाले. गजाननचा झाला नाही, पण खालीही नीट राहिला नाही, असा मधेच कुठेतरी राहिला. बुधाजींनी किल्ली परत घेतली. दत्ताराम पायाशी वाकला, तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, “फोन बाजूक ठेव, मगे वाक. नायतर पडात.” आणि राईच्या पायवाटेवर पहिली कुदळ मारली ती दत्तारामने. आजोबांनी पिळलेला कान हळूच चाचपून! मूळ आलं की खणणं थांबायचं, हाताने माती काढायची, पाइप खालून सरकवायचा. वेळ लागला. डोंबिवलीच्या तळहातांना फोड आले. पण झाड एकही पडलं नाही.

आणि एका सकाळी पल्याडवाडीत नळ सुटला. आधी नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ! दत्ताराम ओंजळ पुढे करणार, तर इंदूवयनींनी कळशी पुढे केली. “आधी देवाक!” तो म्हणाला, “मी नेतंय.” आणि कळशी खांद्यावर घेऊन राईच्या वाटेने निघाला. देवळापर्यंत पोचताना अर्धी सांडली, अर्धी सदऱ्यावर आली. मागून पल्याडवाडीच्या बायका हसतायत — “भावजी, कॅनडाक फोटो धाडूया काय?” आणि तोही हसतोय! बुधाजींनी उरलेलं पाणी देवावर घातलं. तलवार चमकली. उजव्या हातातली.

मंडळी, आख्यान संपलं. आता तुमच्याकडे वळतो. पळू नका, प्रसाद अजून वाटायचाय!

धर्माचा कायदा की पंचायतीचा, हा वाद तुमच्याही फोनात चालू आहे. आत्ता, या क्षणी, त्या खिशात थरथरतोय! घाला वाद, जरूर घाला. पण घालताना आधी एक बघा. दत्तारामचा देव उलटा का दिसला? देव फिरला होता? नाही. कॅमेरा देवाकडे नव्हता हो! आपण दिसावं म्हणून तो आपल्याकडे फिरवलेला होता, आणि देव मागे उभा होता. कॅमेरा आपल्याकडे फिरवला की देव उलटाच दिसणार. कायदाही उलटाच दिसणार, आणि समोरचा माणूस तर नक्कीच उलटा दिसणार!

खांबाजवळचे गृहस्थ, जरा बघा — तुमच्या फोनात आत्ता कोण दिसतंय? देव, की तुम्ही? ...फिरवलात? छान. शाबास!

उभे राहा सगळे. पेटीवाले, सूर द्या. घाडी इथे नसले तरी गाऱ्हाणं मी घालतो, तुम्ही हाक द्या.

बा देवा म्हाराजा! ज्येच्या हातात फोन आसा, त्येच्या ध्यानात तुझी तलवार ऱ्हवांदे!

— व्हय म्हाराजा!

आमच्या मनाविरुद्ध तू बोललंस, तर आमका तो शब्द उजवोच दिसांदे!

— व्हय म्हाराजा!

आणि पाण्याक गेलेल्या लेकीसुना घराक येयपर्यंत, आमचो वाद बंद ऱ्हवांदे!

काय झालं? आवाज का बसला? पुरुषमंडळी, तुमच्याकडूनच येऊ दे आता. मोठ्याने!

— व्हय म्हाराजा!